मढवी बाई आणि चार ओळींचा नियम

लाइट गेली की मढवी बाईंचा क्लास सुरू व्हायचा.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. भिवंडीत लाइट वेळापत्रकाप्रमाणे जायची आणि वेळापत्रकाबाहेरही जायची. ती गेली की निजामपुऱ्यातले सगळे लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, एका दमात थांबायचे. रात्रंदिवस खडखडाट ऐकायची सवय झालेल्या कानांना ती शांतता टोचायची. अशा वेळी मोठ्या रस्त्यावरच्या एसी क्लासांमधली मुलं खाली उतरून टपरीवर जायची. आमच्या बाई मात्र उठायच्या, खिडकीचे दोन्ही दरवाजे भिंतीला टेकेपर्यंत उघडायच्या आणि म्हणायच्या, चला, मशीन झोपलं. आता आपण मशीन होऊ.

मग आमच्यातली एक मुलगी मशीन व्हायची. बाकीच्यांनी वहीत लिहिलेला प्रोग्रॅम वाचायचा, मशीनने तेवढंच करायचं. जास्त नाही, कमी नाही. ज्या संख्या लक्षात ठेवायच्या त्यांच्यासाठी मशीनच्या हातात पाट्या दिलेल्या असत. एक पाटी, एक संख्या. बदलली की पुसायची आणि नवी लिहायची.

मशीन व्हायची माझी पहिली पाळी मला अजून आठवते. प्रोग्रॅम रेहानाने लिहिला होता. ती बॉबिनच्या दुकानदाराची मुलगी. त्यांचं दुकान खाली, आमचा क्लास त्यांच्याच वरच्या मजल्यावर, भाड्याने. रेहानाच्या प्रोग्रॅमप्रमाणे मी बाकांभोवती फिरायचं होतं, प्रत्येक फेरीला पाटीवर एक वाढवायचा होता आणि पाटीवर दहा आले की थांबायचं होतं. मी फिरू लागले. पाटीवर एक लिहिला. दुसऱ्या फेरीच्या सुरुवातीला रेहानाने वाचलं, "पाटीवर शून्य लिही." मी लिहिलं. पुन्हा फेरी, पुन्हा एक, पुन्हा शून्य. चौथ्या फेरीला मला कळून चुकलं की हे दहापर्यंत कधीच जाणार नाही. मी बाईंकडे पाहिलं. बाई बशीत चहा ओतत होत्या. मी म्हटलं, बाई, हिचं चुकलंय, ही शून्य फेरीच्या आत करतेय. बाई म्हणाल्या, "तुला कळतंय ते मला माहीत आहे. पण तू आत्ता मशीन आहेस. अक्कल बाजूला ठेव आणि चाल."

मी वीस मिनिटं चालले. घाम आला, राग आला. रेहाना हसून हसून बाकावर आडवी झाली. शेवटी तिलाच दया आली आणि तिने ती ओळ खोडून वर नेली, फेरीच्या आधी. बाईंनी रिकामी बशी खाली ठेवली आणि एवढंच म्हणाल्या, "हिचे पाय दुखले म्हणून तुला चूक दिसली. मशीनचे पाय दुखत नाहीत. ते वर्षभर फिरेल आणि तुला सांगणार नाही."

सुनंदा मढवी टेमघरच्या. खाडीकाठच्या जुन्या आगरी घरातल्या. आजोबांची खारजमीन होती. वडिलांनी तिच्यातला वरचा तुकडा भरून चाळ बांधली आणि खोल्या लूमवरच्या कामगारांना भाड्याने दिल्या. बाई गणित शिकल्या, मुंबईत कुठल्याशा कंपनीच्या कॉम्प्युटर विभागात काही वर्षं होत्या आणि मग परत आल्या. का आल्या, लग्न का केलं नाही, हे प्रश्न आम्हा मुलींना पडत, पण विचारायची सोय नव्हती. बाई चाळिशीच्या असतील. उंच, सावळ्या, कायम सुती साडी, पदर कमरेला खोचलेला. बोलणं शाळेतल्या बाईंसारखं शुद्ध. मात्र मनातून हलल्या की टेमघर बाहेर यायचं, न्हाय आणि हाय सुरू व्हायचं. त्यावरून आम्ही त्यांचं हवामान ओळखत असू.

क्लासला नाव नव्हतं. दारावरच्या पाटीवर नुसतं 'कॉम्प्युटर' एवढं रंगवलेलं. चार मशीनं होती, त्यातलं एक बहुतेक आजारी. निजामपुऱ्याची हवा म्हणजे अर्धी रुई. ती मशीनच्या पोटात जाऊन बसायची आणि पंखा गुदमरायचा. म्हणून दर शुक्रवारी, लूम बंद असताना, बाई चारही मशीनं उघडून सायकलच्या पंपाने रुई उडवायच्या. त्यांच्या केसांवर, भुवयांवर पांढरं बसायचं. एकदा मी म्हटलं, बाई, आजी दिसताय. त्या म्हणाल्या, "या गावात मशीन आणि माणूस, दोघांच्याही छातीत एकच जातं. मशीनला निदान पंप लावता येतो."

मी त्यांच्याकडे प्रोग्रॅमिंग शिकायला गेलेच नव्हते. माझे वडील छापखान्यात अक्षरांचे खिळे लावणारे जुळारी होते आणि कामगारांच्या संघटनेची पत्रकं लिहायचे. आमच्या घरी गोष्टींची पुस्तकं थोडी आणि पत्रकं ढिगाने. मी अक्षरं ओळखायला शिकले ती 'बंधूंनो' या शब्दावर. मला हवं होतं फक्त मराठी टायपिंग, म्हणजे पत्रकं झटपट निघतील. कॉम्प्युटरबद्दल माझं मत ठरलेलं होतं. ते माणसांचं काम खातं, आणि त्याचे क्लास गरिबांच्या पोरांना खोटी स्वप्नं विकतात. हे मी पहिल्याच दिवशी बाईंना ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, दुसरं खरं आहे, समोरच्या रस्त्यावर जाऊन बघ. पहिलं खरं की खोटं हे ठरवायला आधी ते काय आहे हे माहीत पाहिजे. माहीत न करता ठरवलंस तर तुझ्यात आणि शेठमध्ये फरक काय.

त्या आठवड्यात मी माझं पहिलं टाइप केलेलं पत्रक त्यांना दाखवलं. कौतुकाची अपेक्षा होती. बाईंनी लाल पेन्सिल काढली आणि प्रोग्रॅम तपासतात तसं तपासायला घेतलं. 'अन्यायाने परिसीमा गाठली आहे' याच्या पुढे लिहिलं, हे वाचून माणसाने काय करायचं? 'झोपलेल्यांनो जागे व्हा' याच्या पुढे लिहिलं, रात्रपाळीवाला नुकताच झोपलाय. शेवटी 'प्रचंड संख्येने सभेला उपस्थित राहा' याच्याभोवती गोल केला आणि मला विचारलं, कुठे? मी पाहिलं. सभेची जागा नव्हती. वेळही नव्हती. आणि अशी पाचशे पत्रकं वडिलांच्या छापखान्यात त्या दुपारी छापून होणार होती.

मी धावत गेले. बाईंनी ही गोष्ट नंतर कधी काढली नाही. पण त्या दिवसापासून मला 'पत्रकवाली' म्हणू लागल्या आणि मी प्रोग्रॅमिंग शिकू लागले.

त्यांचे तीन प्रश्न असत. प्रोग्रॅम चालला की पहिला प्रश्न, बरोबर आहे का? दहा वेगवेगळ्या संख्या घालून बघितलंस का, शून्य घालून बघितलंस का, काहीच न घालता बघितलंस का? मग तो मोठ्याने वाचायला लावायच्या आणि आपण डोळे मिटून ऐकायच्या. वाचताना जीभ अडली की हात वर करायच्या. तिथे काहीतरी कुरूप आहे, परत लिही. आणि तिसरा प्रश्न, उद्या मी मेले तर हे दुसऱ्या कुणाला दुरुस्त करता येईल का? पहिलं शास्त्र, दुसरी कला, तिसरी कारागिरी, असं त्या म्हणायच्या. "तिन्ही कामं एकाच माणसाकडून करून घेतात," वर हेही जोडायच्या, "म्हणून एकाचाही धड पगार देत नाहीत."

नावांच्या बाबतीत त्या कडक होत्या. कुणी संख्येला 'एक्स' म्हटलेलं चालायचं नाही. "घरात पोर जन्मलं तर त्याला एक्स म्हणशील काय? ते काय आहे, कशासाठी आहे, ते नावात दिसलं पाहिजे." आणि ओळी कमी करायची त्यांना हौस होती. साठ ओळींचा प्रोग्रॅम चाळीसवर आणायच्या, मग पंचवीसवर, आणि तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद यायचा तो मी फक्त जुन्या शिंप्यांच्या चेहऱ्यावर पाहिला आहे, एका वार कापडातून दोन झबली निघाल्यावर.

एका रविवारी त्या आम्हा सहाजणींना घेऊन खाडीकडे गेल्या. आजोबांच्या खारजमिनीचा उरलासुरला तुकडा तिथे होता, आणि त्याच्या बांधात एक उघाडी. म्हणजे बांधाला पाडलेलं दार, त्याला वरून टांगलेली लाकडी झडप. शेतातलं पाणी साचलं की ते आतून झडप ढकलून खाडीत जातं. भरती आली की खाडीचं पाणी बाहेरून झडप दाबतं आणि दार बंद होतं. गोडं पाणी बाहेर, खारं आत न्हाय, असं बाईंनी सांगितलं. आम्ही भरतीची वाट बघत बसलो. पाणी चढलं, झडप हलली, कुरकुरली आणि चिकटली. बाई झडपेकडे बघत म्हणाल्या, "आजा मेला त्याला तीस वर्षं झाली. इथे राखणीला कोण हाय? कोण न्हाय. त्याने एकदा नीट विचार केला आणि तो विचार लाकडात ठेवून गेला. प्रोग्रॅम म्हणजे हेच. दुसरं काही न्हाय."

मी तोपर्यंत असं समजत होते की विचार ठेवायची जागा म्हणजे कागद.

बाईंच्या क्लासला ओहोटी लागली होती. मोठ्या रस्त्यावरचे क्लास सर्टिफिकेट द्यायचे, टाय घातलेले सर ठेवायचे. आमच्याकडे मुली उरल्या नऊ-दहा. अशात निजामपुऱ्यातल्या एका धर्मादाय दवाखान्याचं काम बाईंकडे आलं. क्षयाचे रोगी तिथे यायचे, बहुतेक लूमवाले. क्षयाच्या गोळ्या एक दिवसाआड, कुणाच्या तरी डोळ्यांसमोर गिळायच्या असतात, सहा महिने. मध्येच सोडल्या तर आजार पुन्हा उठतो आणि जास्त चिवट होऊन उठतो. कोण आलं, कोण चुकलं, याची कार्डं दवाखान्याचे कंपाउंडर कर्णिक काका लाकडी खोक्यात ठेवायचे. डॉक्टरांना हवं होतं की दर गुरुवारी, न आलेल्यांची यादी छापून निघावी आणि माणूस पाठवून त्यांना शोधून आणावं. हे जमलं तर आणखी चार दवाखान्यांना सांगतो, असं डॉक्टर म्हणाले होते. म्हणजे क्लास टिकला असता. बाई आम्हाला हे बोलल्या नाहीत, पण पहिल्यांदाच त्यांनी खिडकीला नवे पडदे शिवले.

प्रोग्रॅम झाला. कर्णिक काकांनी दोन बोटांनी सगळी कार्डं मशीनमध्ये भरली. पण यादी फार लांब निघायची. कारण एकच माणूस दोनदा नोंदलेला असे. कार्ड हरवलं की नवं काढायचा, नवं काढताना नाव थोडं वेगळं सांगायचा. शोधायला गेलेला माणूस नियमित येणाऱ्यांच्याच दारात जाऊन उभा राहायचा आणि शिव्या खायचा. त्यावर बाईंनी एक नियम लिहिला. चार ओळींचा. नाव तेच, वय तेच, खोली तीच, तर माणूस तोच. दोन नोंदींची एक करायची.

यादी एकदम आटोपशीर झाली. डॉक्टर खूश. त्या दिवशी बाईंनी आम्हाला बोलावून त्या चार ओळी दाखवल्या. म्हणाल्या, "बघा." एवढंच. मी मोठ्याने वाचल्या. कुठेही जीभ अडली नाही. खरंच फार देखण्या होत्या त्या.

पाचेक महिने गेले. एका दुपारी कर्णिक काका जिना चढून वर आले. साठीला टेकलेला माणूस, तीन महिन्यांनी निवृत्त होणार. धापा टाकत होते आणि हातात खोक्यातलं एक जुनं कार्ड होतं. सकाळी निजामपुऱ्यातल्या एका कारखान्यात लूमवर उभ्या उभ्या एका कामगाराच्या तोंडातून रक्त आलं. त्याला दवाखान्यात आणलं तेव्हा काकांनी चेहरा ओळखला. सलीम अन्सारी. अडीच महिन्यांपासून त्याने गोळी घेतली नव्हती. आणि अडीच महिन्यांत एकाही गुरुवारी त्याचं नाव यादीत आलं नव्हतं.

बाईंनी मशीन उघडून पाहिलं. सलीम अन्सारी होता. वय तीस, टेमघर, खोली नंबर चार. आणि त्याच्या नावापुढे प्रत्येक दिवशी हजेरी होती.

काका म्हणाले, "तो रातपाळीवाला सलीम, बाई. हा दिनपाळीवाला. दोघं एकाच खाटेवर झोपतात. एक उठतो, दुसरा आडवा होतो." त्यांनी कार्ड पुढे केलं. कोपऱ्यात पेन्सिलने बारीक अक्षरात लिहिलं होतं, दिन. काकांनी वर्षानुवर्षं असं काहीबाही कोपऱ्यात लिहिलं होतं. उंच. तोतरा. हिरवी लुंगी. मशीनमध्ये भरताना त्याला जागा नव्हती म्हणून ते भरलं नव्हतं. आणि वय विचारलं की सगळेच तीस सांगत.

बाई उठल्या. त्यांनी मला उभं केलं आणि रेहानाला उभं केलं. लाइट होती, मशीन चालू होतं, तरीही पाट्या काढल्या. रेहाना रातपाळीचा सलीम, मी दिवसपाळीचा. दोघींच्या पाटीवर तेच नाव, तेच वय, तीच खोली. बाईंनी स्वतः नियम वाचायला घेतला. पहिली ओळ, दुसरी ओळ. तिसरीवर दोन्ही पाट्या पुढे धरायच्या होत्या. चौथी ओळ वाचून त्या माझ्याकडे बघत म्हणाल्या, "खाली बस."

मी बसले. मग त्यांनी आठवडे मोजायला सुरुवात केली. प्रत्येक आठवड्याला त्या सलीम अन्सारी म्हणायच्या आणि रेहाना हजर म्हणायची. दहा वेळा. मी खाली बसलेली होते. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं, आणि बघायचं कारणही नव्हतं, कारण नियमाप्रमाणे मी नव्हतेच.

दहाव्या हजरनंतर बाईंनी दोन्ही पाट्या आमच्या हातून घेतल्या. मग म्हणाल्या, "खोली नंबर चार. ती आमचीच चाळ हाय. माझ्या चुलीपुढच्या खिडकीतून तिचं दार दिसतं. लहानपणापासून मी त्या खाटा बघते, सकाळी एक माणूस, संध्याकाळी दुसरा. बापाने भाडं खोलीवर न्हाय, खाटेवर पण न्हाय, पाळीवर लावलं. आणि मी लिहिलं, खोली तीच तर माणूस तोच."

सलीमने गोळ्या चुकवल्या होत्या त्यालाही कारण होतं. आधीच्या कारखान्यात त्याला दुपारी अर्धा तास सोडायचे. नव्या कारखान्यातला शेठ सोडेना, आणि दवाखाना दहा ते एक. तो कुठे पळाला नव्हता. अडीच महिने रोज रात्री तो बाईंच्या घरासमोर झोपत होता. यादीत नाव असतं तर त्याला शोधायला दहा मिनिटं लागली नसती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी बाईंना बोलावलं. मी बरोबर गेले होते. डॉक्टर वाईट माणूस नव्हते. त्यांना दवाखान्याचं नाव सांभाळायचं होतं आणि बाईंचंही. त्यांनी सुचवलं की नोंद भरताना चूक झाली असं वरती कळवू. कर्णिक नाहीतरी निवृत्त होताहेत, त्यांना कोण काय करणार आहे. काका तिथेच कपाटाशी उभे होते. त्यांनी मान हलवली, म्हणजे चालेल म्हणाले. मला अजून ती मान दिसते.

बाई म्हणाल्या, "काकांनी कार्डावर बरोबर लिहिलं होतं. खोडलं मी."

बाहेर पडल्यावर माझ्या डोक्यात जाळ झाला होता. मी म्हटलं, बाई, पत्रक काढू. एका खोलीत बारा माणसं कोंबणारे, गोळी घ्यायला अर्धा तास न सोडणारे, दुपारी एकला दार लावणारे, सगळ्यांना उघडं पाडू. मनात मजकूरही तयार होता. बाई चालता चालता थांबल्या. म्हणाल्या, "काढ. सगळं खरं हाय. खोलीवाल्यांत माझ्या बापाचं नाव पहिलं घाल. पण त्याआधी एक कागद माझ्या नावाने काढायचा, त्यात दुसऱ्या कुणाचं नाव नको."

तो कागद मी टाइप केला. मराठीत आणि हिंदीत. उर्दूत रेहानाने हाताने लिहिला. दवाखान्याच्या यादीत चूक झाली ती मी लिहिलेल्या नियमाची आहे. एका खोलीत एका नावाची दोन माणसं राहतात हे मला माहीत असून मी हिशेबात धरलं नाही. आपलं नाव असंच गेलं असेल असं ज्याला वाटतं त्याने मला येऊन सांगावं. खाली सुनंदा मढवी, टेमघर, आणि क्लासचा पत्ता. मी सवयीने वर 'बंधूंनो' टाकलं होतं. त्यांनी लाल पेन्सिलने ते खोडलं.

मी शेकडो पत्रकं वाचून मोठी झाले. एकातही चूक लिहिणाऱ्याची नव्हती. ती नेहमी दुसऱ्याची असायची, आणि बहुतेक वेळा ते खरंही असायचं. तरी त्या दिवशी छापखान्यात तो कागद हातात धरून मला लाज वाटली. कशाची, हे सांगता आलं नसतं.

कागद भिंतींवर लावून बाई थांबल्या नाहीत. नियमाने एक केलेल्या सगळ्या नोंदी त्यांनी छापून घेतल्या. सतरा जोड्या निघाल्या. आम्ही पाळी सुटायच्या वेळेला निजामपुऱ्याच्या गल्ल्यांतून एकेका खोलीवर गेलो आणि विचारलं, या नावाची इथे किती माणसं? सोळा जोड्यांमध्ये माणूस खरोखर एकच होता. मला हायसं वाटलं. मी म्हटलं, बाई, सतरापैकी सोळा बरोबर. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचं गिळलं. मग त्याच म्हणाल्या, "हो. पेपर असता तर पहिला नंबर होता." आणि पायरीवर टेकून चपलेतला खडा काढत बसल्या. नुसता खडा काढायला इतका वेळ लागत नाही.

त्यानंतरचं सगळं लवकर झालं. दवाखान्याने मशीन झाकून ठेवलं आणि खोकं परत बाहेर काढलं. चार दवाखान्यांचं पुढे कुणी बोललं नाही. मुलींच्या घरच्यांनी तो कागद वाचला होता. जिच्या हिशेबाने माणूस मरता मरता वाचला तिच्याकडे काय शिकणार, असं एका वडिलांनी आमच्यासमोर म्हटलं. बाईंनी त्यांना उरलेली फी परत दिली. बाईंच्या घरात त्यांचा भाऊ बोलेनासा झाला, कारण चाळीचं नाव चव्हाट्यावर आलं होतं. आणि पत्रक माझं राहूनच गेलं. माझ्याकडे शब्द पुष्कळ होते. पण आता प्रत्येक वाक्यापुढे लाल पेन्सिल दिसायची, हे वाचून माणसाने काय करायचं?

काय करायचं ते बाईंनी केलं. सलीमचा उपचार पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला होता, आणि आता तो जास्त लांब होता. दोन महिन्यांनी तो कामावर परतला, दिवसपाळीलाच. दवाखान्याची वेळ तीच. तेव्हा बाईंनी डॉक्टरांना सांगितलं की त्याच्या गोळ्या माझ्याकडे द्या, माझ्यासमोर घेईल. असं करता येतं, शिक्षक, दुकानदार कुणीही ते काम करू शकतं. क्लास निजामपुऱ्याच्या तोंडाशी, टेमघरहून कारखान्यांकडे जायच्या वाटेवर होता. एक दिवसाआड, सकाळी पावणेसातला, सलीम कामावर जाताना वर यायचा.

पहिल्या दिवशी तो दाराबाहेरच उभा राहिला. चाळमालकाची मुलगी, तिच्या खोलीत पाय कसा ठेवायचा. बाईंचं हिंदी यथातथाच होतं. म्हणाल्या, अंदर आव, इधर कोई मालक नहीं है. तो आत आला, गोळ्या घेतल्या, पेलाभर पाणी प्यायला. जाताना म्हणाला, "मैडम, आप क्यों तकलीफ करती हैं? गलती तो किसी से भी होती है." बाई म्हणाल्या, "किसी से भी नहीं हुई. मुझसे हुई." तो हसला. त्याला ते फार पटलं असं वाटलं नाही.

मशीनं विकली गेली. रेहानाचं लग्न ठरलं. खोलीचं भाडं देणं बाईंना परवडत नव्हतं, पण रेहानाच्या वडिलांनी सांगितलं की त्या पोराचा औषधाचा कोर्स होईपर्यंत भाडं राहू द्या. मग तो कोर्स झाला. शेवटची तपासणी चांगली आली आणि सलीम गावी गेला, हे मला कर्णिक काकांनी नंतर सांगितलं. बाई अंबाडीला एका शाळेत गणित शिकवायला गेल्या, हेही त्यांनीच सांगितलं. अंबाडी काही लांब नाही. वाड्याची गाडी धरली की तासाभरात पोचता येतं. मी कितीदा ठरवलं. काही दाखवण्यासारखं लिहून झालं की जाईन, असं म्हणत राहिले. आज मी लिहिते, छापून येतं, लोक बरं म्हणतात. लिहिलेलं मोठ्याने वाचते आणि कुठे अडखळते ते बघते. पण समोर डोळे मिटून ऐकणारं कुणी नाही, आणि आपण न अडखळता वाचलेलंसुद्धा खरं नसेल, ही धास्ती आहे.

मला त्या शेवटच्या दिसल्या तो त्या कोर्समधलाच एक दिवस. पाळी बदलायच्या वेळेला मी कारखान्यांच्या तोंडाशी पत्रकं वाटायला चालले होते, म्हणून वाटेत वर डोकावले. खोली रिकामी होती. मशीनं ठेवायच्या बाकांच्या जागी फरशीवर चार फिकट चौकोन. मधोमध एक टेबल, त्यावर गोळ्यांचं पाकीट आणि झाकलेला पेला. बाई खुर्चीत बसल्या होत्या, पायात चपला घालून. सातला पाच कमी होते आणि सलीम आला नव्हता. मी काही विचारलं, त्यांनी काही उत्तर दिलं, पण कान जिन्याकडे होते. मी फार थांबले नाही.

खाली उतरून रस्ता ओलांडला तेव्हा तो कोपऱ्यावरून येताना दिसला. हातात डब्याची पिशवी, चाल सावकाश, वाटेत कुणाशी तरी दोन शब्द बोलत. मी वर पाहिलं. बाई खिडकीत उभ्या होत्या, दोन्ही हात गजांवर, इतक्या पुढे झुकलेल्या की कपाळ लोखंडाला टेकलं होतं. त्यांनी त्याला पाहिलं. क्षणभर तशाच राहिल्या. मग तो मान वर करणार एवढ्यात त्या चटकन मागे सरकल्या, वाट बघत होत्या हे त्याला दिसू नये म्हणून.